वाळवंटातली लोकर

कुवेतला राहतो म्हटलं की आपल्याकडचे नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात : पगार किती आणि उन्हाळा किती? पहिल्याला आम्ही बगल देतो, दुसऱ्याचं उत्तर मात्र छाती पुढे काढून देतो. २०१६ च्या जुलैत इथल्या मित्रिबाह केंद्रावर पारा ५३.९ अंशांवर गेला होता! अशा मुलखात विणकामाच्या सुया कशाला, असं कुणीही विचारेल. पण मंडळी, जानेवारीतल्या रात्री इथे या. वाळवंटावरून वारा सुटला की पुण्यातली थंडी परवडली म्हणाल. इथले लोक हौसेनं तंबू ठोकून राहायला जातात ते याच दिवसांत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा विणकामाला लागलो. मास्टर्स करताना अमेरिकेतल्या बर्फात एक मफलर पुरा झाला होता. त्यानंतर नोकरी, साइट, मुलांच्या शाळा, आणि सुया बॅगेच्या तळाशी. आता भाच्याकडे बाळ येणार म्हणून कुंची विणायचं ठरलं. विणणारे हात दोनच, पण लोकरीचा गुंडा करायला आणि टाके मोजायला चार लागतात, म्हणून ‘आम्ही’.

त्याच सुमारास एका शनिवारी मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी सदू हाउसला जाणं झालं. अरेबियन गल्फ स्ट्रीटवर, नॅशनल म्युझियमच्या शेजारी चौकाचं जुनं घर आहे. इतकी वर्षं आम्ही त्याच्यासमोरून गाडी दामटत होतो आणि आत पाऊल टाकलं नव्हतं! बदाऊनी, म्हणजे बदू बायकांची विणकामाची कला टिकावी म्हणून १९८० च्या सुमारास ही संस्था उभी राहिली.

सदू म्हणजे आडव्या मागावरचं विणकाम. माग कसला, जमिनीत ठोकलेल्या खुंट्या आणि दोन दांडके. तळ हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धवट विणलेलं कापड गुंडाळायचं आणि उंटावर टाकायचं! इंजिनियरिंगच्या भाषेत याला पोर्टेबल डिझाइन म्हणतात, पण या बायकांना ते कुठल्याही कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नाही. मेंढीची लोकर, उंटाचे आणि बकरीचे केस हा कच्चा माल. त्याचे लांबच लांब पट्टे विणून, एकमेकांना शिवून तंबू व्हायचा. बकरीचे केस पावसात भिजले की फुगतात आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. उन्हाळ्यात कोरडे झाले की पुन्हा वारा खेळतो.

आम्हाला घोंगडी आठवली. धनगरांची काळी मेंढी, चिंचोक्याची खळ, खड्ड्यातला माग. दोन्हीकडे माणसं कळपामागे फिरणारी. फरक इतकाच की आपल्याकडे सूत बायका कातायच्या आणि मागावर बहुधा पुरुष बसायचे. इथे कातण्यापासून तंबू उभारण्यापर्यंत सगळं बायकांच्या हातात.

तिथे एक आजी विणत बसल्या होत्या. ‘शजरा’ म्हणजे झाड, हा या विणकामातला सगळ्यात अवघड पट्टा. ताण्यात एक काळा आणि एक पांढरा अशी धाग्यांची जोडी असते. प्रत्येक ओळीला कुठला वर घ्यायचा ते बोटांनी ठरवायचं, दुसरा मागे मोकळा राहतो. काळा-पांढरा, शून्य-एक, सगळा बायनरीचा मामला! आमच्या मुलीने वही पुढे करून विचारलं, ‘‘याचा आलेख कुठाय?’’ शेजारच्या मुलीने अरबीत प्रश्न सांगितला. आजी हसल्या आणि बोटं हलवून दाखवली.

त्या हसण्याने आम्ही जरा गंभीर झालो. १९४६ साली इथून तेलाची पहिली निर्यात झाली, पुढे बदू लोक सिमेंटच्या घरांत आले आणि तंबू गरजेचा न राहता हौसेचा झाला. हौसेचा तंबू दुकानात मिळतो. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने कुवेत आणि सौदी अरेबियाच्या सदूला वारशाच्या यादीत घेतलं, हे चांगलंच झालं. पण यादी काही विणत नाही. ज्यांच्या बोटांत शजरा आहे त्या बहुतेक वयस्कर आहेत, आणि तरुण मुली वर्गाला येतील तेवढाच तो पुढे जाईल.

आमच्या कुंचीचीही तीच गत, बरं का. तो नमुना सांगलीच्या आईंचा (आमच्यापैकी एकाच्या आई, दुसऱ्याच्या सासूबाई). घरातली सगळी बाळं त्याच कुंचीत वाढली. कागदावर तो कधीच उतरला नाही. आता संधिवाताने त्यांची बोटं वळत नाहीत. शुक्रवारी व्हिडिओ कॉल लावून विचारलं, ‘‘आई, कपाळाच्या पट्टीला किती टाके?’’

‘‘अगं बाई, असं तोंडी कसं सांगू? हातात आलं की कळतं.’’

बराच वेळ नुसतंच ‘‘आठवत नाही गं’’ चाललं होतं. मग त्यांनी टेबलावरची दोन पेनं उचलली आणि डोळे मिटून हवेतच हळूहळू हात चालवायला लागल्या. ‘‘दोन सुलट... एक उलट... इथे धागा पुढे... आता दोन एकत्र...’’ एकाने फोन धरला, दुसऱ्याने मुलीच्या प्रकल्पाच्या चौकटीच्या कागदावर खुणा केल्या, सुलट म्हणजे रिकामी चौकट, उलट म्हणजे भरलेली. मध्येच त्या थांबायच्या, दोन टाके मागे जायच्या, पुन्हा पुढे.

नवव्या ओळीपर्यंत आलो आणि आईंचे हात दुखायला लागले. उरलेलं येत्या शुक्रवारी. बाळ एप्रिलमध्ये यायचं आहे.