छोटी मायटर सॉ घेताना

दवाखाना बंद झाला की बाल्कनीत थोडं सुतारकाम करणं हा माझा विरंगुळा. फोटोफ्रेमचे ४५ अंशांचे कोपरे हातकरवतीने काही केल्या जुळेनात, म्हणून मायटर सॉ घ्यायचं ठरवलं. दुकानदार मोटरचे वॅट सांगत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आजवर टाके घातलेली बोटं येत होती.

तुम्हीही घेणार असाल तर आधी कापायचं लाकूड मोजा. फ्रेम आणि पट्ट्यांसाठी २१६ मिमीचं पातं पुरतं. २५४ मिमीचं यंत्र छोट्या जागेत अडचणच करतं.

मग हे तपासा. बटण सोडताच पातं थांबवणारा ब्रेक आहे का? यंत्राचं डोकं वर उचलताच पात्यावरचं झाकण आपोआप बंद होतं का? लाकूड आवळून धरणारा क्लॅम्प सोबत मिळतो का? हात पात्यापासून किमान १५ सेंमी लांब हवा. हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात.

भुसा ओढून घेणारी नळी जोडता यायला हवी. लाकडाच्या बारीक धुळीने दमा बळावतो. वर्षानुवर्षं ती श्वासात गेली तर नाकाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. म्हणून एन-९५ मास्क, चष्मा आणि कानांना मफ यांचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरा.

मी ब्रेकवाली घेतली, थोडी महाग पडली. पण सकाळी याच बोटांनी मला नाडी बघायची असते. तुमच्या बोटांनाही उद्या काही काम असेलच ना?