मेहरूणचे पांढरे लुगडे

जळगावला आलात तर मेहरूणचा तलाव पाहिल्याशिवाय परतू नका. हे गाव आता शहरात मिसळून गेले आहे. पण मेहरूणची बोरे म्हटली, की खानदेशी माणसाच्या तोंडाला अजून पाणी सुटते. माझे आजोळ इथलेच.

आजोळच्या ट्रंकेत एक पांढरे खादीचे लुगडे आहे. आजीने ते 1936 च्या डिसेंबरात फैजपूरहून आणले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू; सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांची. तिथल्या खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनात आजीचा जीव या लुगड्यावर जडला.

घरी मात्र रण माजले. पणजी कडाडली, ‘‘अगं, नवरा जिवंत असताना पांढरं नेसतेस?’’ आजीने उलट उत्तर दिले नाही. रुपयाएवढे कुंकू लावले, तेच लुगडे नेसली आणि धुणे घेऊन भर सकाळी तलावावर गेली.

इथली काळी जमीन कपाशीची. आपलाच कापूस परक्या गिरणीत जातो आणि कापड होऊन दुप्पट दामाने परत येतो, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. हाताने कातलेल्या, हातमागावर विणलेल्या त्या जाडसर कापडाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

कापड बोलते, ते काही आपल्याकडेच नव्हे. दूर मध्य अमेरिकेत, ग्वाटेमाला देशात, माया बायका मागाचे एक टोक झाडाला आणि दुसरे पट्ट्याने स्वतःच्या कमरेला बांधून ‘विपील’ नावाचे अंगवस्त्र विणतात. नक्षी पाहून जाणत्याला बाईचे गाव कळते. 1980 नंतरच्या यादवीत हीच ओळख जिवावर बेतू लागली. लष्कराच्या भीतीने कित्येकींनी आपल्या गावचे विपील उतरवून ठेवले.

आजीला गोळीचे भय नव्हते, लोकांच्या जिभेचे होते. पण अंगावरच्या वस्त्राने आपली ओळख सांगायची, तर छाती लागते. ती इथेही लागते आणि तिथेही.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत मामेवहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, जुनेर झालंय. गोधडी शिवू का?’’

मी म्हटले, ‘‘त्याआधी एकदा नेसून तर बघा.’’

त्यांनी घडी उलगडली, खांद्यावर घेतली आणि चटकन खाली ठेवली. ‘‘छे! सणासुदीला पांढरं? बायका काय म्हणतील?’’

म्हणजे लुगडे अजून बोलते आहे. मी ते पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवले.