आधीच झालंय

हेअर ट्रान्सप्लांट केल्याचं मी घरी सांगितलं नव्हतं. ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणालो आणि पुण्यातल्या फ्लॅटवर मान उंच ठेवून झोपत राहिलो. 2,200 ग्राफ्ट्स. एक ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा मुळासकट पुंजका. डोक्याच्या मागून काढायचा आणि पुढे रोवायचा. दहाव्या दिवशी खपल्या पडल्या. खाली डोकं लालबुंद.

डॉक्टर म्हणाले, हजारो बारीक छेद भरून येताना तिथलं रक्त वाढतं, त्याची ही लाली. काही आठवड्यांत उतरते, काहींना महिनेही लागतात.

बाराव्या दिवशी आबा गेले.

अंत्यविधीला टोपी घालूनच उभा राहिलो. त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. पण दहाव्याला कृष्णेच्या घाटावर सगळी भावकी मुंडणाला रांगेत बसली, तेव्हा टोपी काढावीच लागली. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, अजून वस्तरा नको.

न्हाव्याचा हात थांबला. "दादा, हे काय झालं? भाजलं का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मला बोलता येईना. ज्या आबांनी मला खांद्यावर बसवून याच घाटावर आणलं, त्यांच्यासाठी मला केसही देता येत नव्हते. आणि समोर बाबा. तिशीतच टक्कल पडलेले, कानांमागे उरलेली चार बोटांची झालर नुकतीच उतरवून बसलेले. त्यांच्यासारखं दिसू नये म्हणून मी कर्ज काढलं होतं.

बाबांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. त्यांना किती कळलं, माहीत नाही.

"त्याचं आधीच झालंय," ते न्हाव्याला म्हणाले. "पुढचा घे."

पिंडाला कावळा शिवला. मामांनी टॉवेल-टोपी दिली. बाबांनी त्यांची पांढरी टोपी उलगडून माझ्या डोक्यावर अलगद ठेवली. "ऊन लागेल."

त्यावर आम्ही काहीच बोललो नाही. महिन्याभराने त्यांचा फोन आला.

"लाली उतरली?"

"उतरतेय."

"आणि केस?"

"लावलेले गळले बहुतेक. तसं होतंच म्हणे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे येतात."

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाबा हसायला लागले, खोकला येईपर्यंत. आबा गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.