उसने पाय

साधन कोणते आणि कुबडी कोणती, हा प्रश्न आम्हांस पुस्तकात नव्हे, जलतरण तलावात पडला. गुडघ्यातील कूर्चा झिजल्याचे निदान झाले आणि पहाटेचे धावणे सुटले. हृदयाला श्रम हवेत, असे एक डॉक्टर सांगत; गुडघ्यावर भार नको, असे दुसरे. दोघांचेही ऐकावयाचे तर वाट पाण्यातूनच जात होती. आम्ही पायांत फिन्स चढवल्या.

ही कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हातांसाठी लाकडी फळ्या केल्या, तळव्यांनाही सपातांसारखे काही बांधून पाहिले. परंतु पायांचा प्रयोग त्याला समाधानकारक वाटला नाही. पाण्याला रेटा केवळ तळव्याने मिळत नाही, पावलाची आतली बाजू आणि घोटाही तो देतात, हे त्याने हेरले होते. आजच्या फिन्सचे पेटंट फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कोर्लियू यांनी १९३३ साली घेतले.

निवडताना लांब पात्याचा मोह होतो, कारण वेग त्यात आहे. पण ते पाते पाणबुड्याच्या संथ, रुंद हालचालीसाठी असते. व्यायामासाठी आखूड पाते बरे: पायांची लय अनवाणी पोहण्याच्या जवळ राहते आणि श्रम आपल्यालाच करावे लागतात. पाते फार ताठ असले तर पोटरीत गोळे येतात. माप चपखल हवे. बोटे आखडू नयेत आणि टाचही सुटू नये, कारण कोरडी असताना सैल वाटणारी फिन पाण्यात अधिकच सैल होते.

फिन चढवली की पायातला दोष लपत नाही. सायकल चालवल्यासारखा गुडघा दुमडला तर पाते पाणी नुसतेच कापते. लाथ खुब्यातून निघावी, गुडघा किंचित सैल, घोटा ताणलेला. आणि पाय वर नेतानाही तितकेच बळ लागावे, तेव्हा मांडीच्या मागचे स्नायू जागे होतात. मांड्यांचे हे थोरले स्नायू एकदम रक्त मागू लागले की हृदयाला स्वस्थ बसता येत नाही. तलावाच्या चार फेऱ्यांत धाप लागते. पाण्यात नाडी जमिनीवरल्यापेक्षा काहीशी मंद चालते, म्हणून धावण्याचे जुने आकडे येथे उपयोगी नाहीत. थांबल्यावर एक वाक्य सलग बोलता येते का, हे आमचे माप.

स्पर्धेच्या नियमांत फिन्सना मज्जाव आहे, सरावात मात्र त्या सर्रास चालतात. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. उसने घेतलेले परत करावयाचे असते. शेवटच्या दोन फेऱ्या आम्ही फिन्स काढून पोहतो. वेग एकदम ओसरतो, पाऊल थिटे वाटते. पण लाथ खुब्यातूनच निघत राहते. झिजलेली कूर्चा काही परत येणार नाही. ही लाथ मात्र आमची झाली आहे.