ओवीखालचे नाव

मराठीच्या वर्गात सर्वनामे शिकवताना मी दरवर्षी सांगत आलो आहे, की 'मी' म्हणजे कोण हे शब्दकोशाला ठाऊक नसते. बोलणारे माणूस समोर आले की मगच ते ठरते. हे विधान मला स्वतःला नीट उमगले ते जावास्क्रिप्टने अडवल्यावर.

निमित्त घरगुतीच होते. मावशीच्या आणि तिच्या जावांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून मी एक साधे पान रचले होते. ओवी सुरू झाल्यावर दोन सेकंदांनी खाली गायिकेचे नाव उमटावे, एवढीच अपेक्षा. ओवी ऐकू येई. नावाची जागा मात्र कोरी. चूक झाल्याची कुठे खूणही नाही. मावशीने पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "अरे, आणि आमची नावं?"

दोन रात्री गेल्या. प्रत्येक गायिकेच्या ऑब्जेक्टमध्ये 'नेम' होते आणि ते दाखवणारे 'शो' हे फंक्शनही होते, त्यात 'धिस.नेम' असे लिहिलेले. 'सिंगर.शो()' असे थेट बोलावले तर 'धिस' म्हणजे ती गायिका. मी मात्र नुसते 'सिंगर.शो' 'सेटटाइमआउट'च्या हवाली केले होते. फंक्शन गेले, गायिका मागे राहिली. ब्राउझरने ते चालवले तेव्हा 'धिस' होता 'विंडो'. गंमत (की क्रूरता?) अशी, की 'विंडो'लाही 'नेम' असते, आणि एरवी ते रिकामेच असते. म्हणून तक्रार नाही, नुसता कोरेपणा.

फंक्शन कुठे लिहिले यावर नव्हे, ते कसे बोलावले यावर 'धिस' ठरतो. २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ मधले 'बाइंड' नेमके इथे कामी येते: 'सिंगर.शो.बाइंड(सिंगर)' म्हटले, की कॉलबॅक कोणाच्याही हाती पडो, गायिका सुटत नाही. २०१५ मध्ये आलेल्या ॲरो फंक्शनला स्वतःचा 'धिस' नसतोच. भोवतालचा तो घेते. सोय खरी, पण मला 'बाइंड'मधली उघड कबुली अधिक भावते.

ओवीची रीत मात्र निराळी. एकीची ओवी दुसरीने उचलली, की तीतला 'माझा' भाऊ दुसरीचा होतो. तिथे 'बाइंड' असते, तर ओवी दुसऱ्या ओठी गेलीच नसती.

दुरुस्त पान मावशीला दाखवले. स्वतःचे नाव तिने दोनदा वाचले आणि म्हणाली, "ही माझी नव्हे, सासूबाईंची. त्यांचं नाव घाल."

"काय नाव त्यांचं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "आम्ही आत्याबाईच म्हणायचो. थांब, जुन्या रेशनकार्डावर असेल."