मेंदीच्या मांडवाची पेरणी

आमच्या भंडारा जिल्ह्यात लग्नघरी मेंदीचा वेगळा सोहळा असा पूर्वी नव्हता. मांडव पडायचा, हळद लागायची, आणि त्या गडबडीत मुली सांदवाडीच्या कुंपणावरची मेंदीची पानं पाट्यावर वाटायच्या. रात्री तळहातावर एक मोठा ठिपका आणि बोटांना टोप्या काढल्या की झाली मेंदी. आता टीव्ही आणि मोबाईलवरून उत्तरेकडचा मेंदीचा सोहळा आपल्या सपरीत येऊन बसला आहे. त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. मुलींना हौस असते आणि ती असावी. प्रश्न असतो तो फक्त पैशांचा.

माझ्या मोठ्या भावाच्या मुलीचं लग्न २०२५ च्या मे महिन्यात झालं. भाऊ मोहाडी तालुक्यात धानाची शेती करतो. लग्न ठरलं कार्तिकात, तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. पुतणीने तेव्हाच मेंदीच्या सजावटीचा हट्ट धरला आणि पुतण्या तुमसरच्या एका मंडपवाल्याला भाव विचारून आला. एका संध्याकाळचे बारा हजार रुपये. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे पाच क्विंटलांहून जास्त धान एका संध्याकाळच्या पडद्यांना आणि प्लास्टिकच्या फुलांना द्यायचं! भावाच्या डोक्यावर पीककर्ज होतंच. तो मला म्हणाला, "तू शेतीखात्यातला माणूस. तूच समजाव पोरीला."

समजवायला गेलो तर तिचे डोळे भरलेले. "काका, सासरच्या बायका येणार आहेत. माझ्या मेंदीला घरच्या जुन्या साड्या लोंबताना दिसल्या तर जन्मभर ऐकवतील मला."

तिचं बोलणं मला पटलं. पोरीला त्या घरात आयुष्य काढायचं होतं. तिची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मी एवढंच म्हणालो, "संक्रांतीपर्यंत आमच्या हातचं काम बघ. नाही आवडलं तर मंडपवाल्याला इसार मी देतो."

शेवटच्या बांद्यांमधला उशिराचा धान तेव्हा उभा होता. लोंबी पिवळी पडली पण दाणा झडायला लागला नाही, अशा वेळी देठासकट लोंब्या कापल्या आणि जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगल्या. पूर्ण पिकू दिल्या तर तोरणाखाली दाण्यांचा सडाच पडतो. विणण्याआधी काड्या रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे मोडत नाहीत. यंत्राने कापलेल्या धानाची तणीस मात्र या कामाची नाही, ती चिरडलेली असते. हाताने कापलेल्या उंच जातीची लांब काडी हवी. भाऊ दोर वळण्यात पटाईत. त्याने तिपेडी वेणी घालत मध्ये मध्ये लोंब्या गुंतवल्या आणि पौषात दारासाठी पहिलं तोरण तयार झालं. उंदरांच्या भीतीने ते आढ्याला तारेने टांगलं. संक्रांतीला पुतणीने त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. त्यानंतर मंडपवाल्याचं नाव निघालं नाही.

मग पळस. माघ-फाल्गुनात आपल्याकडचे धुरे आणि रानं पेटल्यासारखी दिसतात. सकाळी झाडाखाली गळून पडलेली फुलं वेचली की फांदी तोडावी लागत नाही. ती सावलीत वाळवून ठेवली. ज्या जुन्या साड्यांची पुतणीला लाज वाटत होती, त्यातल्याच पांढऱ्या आणि फिक्या सुती साड्या आम्ही रंगवल्या. आधी सोड्याने धुऊन खळ काढली. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून पिळल्या आणि किलोभर कापडाला शंभर ग्रॅम तुरटी या मापाने तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या. कापडाच्या वजनाइतक्या सुक्या पाकळ्या आदल्या रात्री भिजत घातल्या होत्या. त्या तासभर मंद आचेवर उकळल्या, पाणी गाळून घेतलं आणि त्यात साड्या हलवत ठेवल्या. भांडं पितळी गंज किंवा ॲल्युमिनियमचं घ्यावं; लोखंडी कढईत रंग काळवंडतो. तुरटीशिवाय रंग धरत नाही, पहिल्याच धुण्यात जातो. कुणाला पळस मिळाला नाही तर हळदही चालते, पण हळदीचा रंग उन्हात फार लवकर उडतो, म्हणून ते कापड संध्याकाळीच बाहेर काढावं.

झेंडूचं गणित सरळ आहे. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, लावणीनंतर फुलं यायला साधारण दोन महिने. मे महिन्यात फुलं हवीत तर फेब्रुवारीअखेर लावणी झाली पाहिजे. आम्ही विहिरीजवळ गुंठाभर लावला. उन्हाळ्यात फूल थोडं बारीक येतं. फुलं पहाटे तोडून ओल्या फडक्याखाली टोपलीत ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून सडतात. माळेत झेंडूच्या मध्ये मध्ये आम्ही फुटके कोसे ओवले. आपल्याकडे ढिवर बांधव ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळतात. पाखरू भोक पाडून बाहेर निघालं की त्या कोशाचा अखंड धागा निघत नाही, म्हणून तो स्वस्त मिळतो. बदामी रंगाचे ते कोसे झेंडूच्या बाजूला इतके शोभले, की आंधळगावच्या कोशाची लुगडी विणणारा जिल्हा आपला, हे आम्हालाच नव्याने आठवलं.

मांडवाचे बांबू घरचेच होते. शेतातला बांबू २०१७ च्या कायद्यातल्या बदलापासून 'झाड' या व्याख्येतून निघाला आहे. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. वर आंबा-जांभळाच्या डहाळ्या घातल्या, खाली सारवून तांदळाच्या पिठाचे चौक काढले, आणि चिंचेने घासलेले पितळी गुंड, घंगाळ कोपऱ्यात मांडले.

आता बंधूंनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. 'घरीच करू, फुकटात होईल' असं आपण म्हणतो, तेव्हा ते काम घरातल्या बायांच्या अंगावर पडतं. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे मोहाफुलं संपतात न संपतात तो तेंदूपत्ता, त्यातच उन्हाळी धानाची कापणी. वहिनी पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "भाऊजी, हे सगळं सांगता, पण करायचं कोणी? आम्हीच ना?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तोरणं भावाने आणि पुतण्याच्या मित्रांनी विणली, साड्या उकळणं-पिळणं मी आणि भावाने केलं, आणि सगळं काम फाल्गुन संपण्याआधी उरकलं. मेंदीच्या दिवशी बायांकडे फक्त माळा ओवणं होतं, तेही गाणी म्हणत. ही वाटणी होत नसेल तर सरळ मंडपवाला बोलवावा.

मेंदीही घरचीच. उन्हाळ्यातली कोवळी पानं सावलीत वाळवून कुटली, मलमलच्या फडक्याने गाळली आणि लिंबाच्या रसात काही तास भिजवली. तिचा रंग आधी नारिंगी दिसतो आणि दीड-दोन दिवसांत गडद होतो, म्हणून ती लग्नाच्या दोन दिवस आधी लावावी. दहा मिनिटांत काळा रंग देणारे कोन घरात आणू नका. त्यात केस काळे करायचं रसायन असतं. त्याने हाताला फोड येतात, डाग राहतात. तान्ह्या बाळांना तर साधी मेंदीही लावू नये. आणि मांडवात सुकी तणीस असली की पणत्या व मोठे दिवे लांब ठेवून पाण्याची बादली भरून ठेवावी; आम्ही दोन ठेवल्या होत्या.

सासरकडची एक आत्या आल्या आल्या म्हणालीच, "डेकोरेशनवाला नाही का मिळाला?" पुतणी हात वाळवत बसली होती. ती म्हणाली, "मिळाला होता आत्याबाई. पण हे तोरण माझ्या बाबांनी विणलं आहे." आत्याबाईंनी तोरणाला हात लावून बघितला आणि मग काड्या मोडल्या कशा नाहीत, हे विचारत भावाजवळ बसून राहिल्या.

तोरणाच्या लोंब्या पुढच्या पंधरा दिवसांत चिमण्यांनी वेचून नेल्या. साड्या धुऊन ठेवल्या होत्या. रंग थोडा उतरला आहे. त्या आता शेजारच्या आळीत गेल्या आहेत. त्यांच्याकडचं लग्न फाल्गुनात आहे, तेव्हा पळस ताजा मिळेल.