दरीवरची तार आणि आमची दोन मुलं

शिक्षकांच्या घरात मोठी सुट्टी वर्षातून दोनदा येते. उन्हाळ्याची सुट्टी पेपर तपासण्यात, निकाल लावण्यात आणि नातेवाइकांच्या लग्नांत कुठे जाते ते कळत नाही. दिवाळीची सुट्टी तेवढी आपली म्हणता येते. यंदा मुलांनी परीक्षेच्या आधीच सांगून ठेवलं होतं, की या वेळी मामूंकडे नाही, खालाकडे नाही, डोंगरावर जायचं.

डोंगराची त्यांची ओढ आम्हाला समजते. ट्रॉम्बेत आमच्या गच्चीवरून हिरवीगार टेकडी दिसते. पावसाळ्यात तिच्यावर ढग उतरतात. पण ती सगळी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हद्दीत. १९५४ पासून तिथे अणुऊर्जेचं काम चालतं, कडक पहारा असतो. मुलं लहानाची मोठी त्या टेकडीकडे बघत झाली, पण तिच्यावर पाऊल ठेवायची सोय नाही. दुसऱ्या बाजूला खाडी, खारफुटी आणि थंडीत येणारे रोहित पक्षी. तीही लांबूनच बघायची गोष्ट. जवळ असूनही हाताला न लागणारं असं बरंच काही आमच्या वस्तीच्या वाट्याला आलेलं आहे.

त्यात मुलांच्या चुलत भावाने आखाती देशातून एक व्हिडिओ पाठवला. रास अल खैमाच्या जबल जैस डोंगरावर तारेला बांधलेली माणसं पालथी झोपून दरीवरून उडत होती. ती झिपलाइन २.८३ किलोमीटर लांब आहे आणि २०१८ मध्ये जगातली सर्वांत लांब म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. मुलीने तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला असेल. रास अल खैमा आमच्या पगारात बसत नाही. माथेरान बसतं. तिथेही दरीवर तार बांधून पलीकडे सोडतात, त्याला 'व्हॅली क्रॉसिंग' म्हणतात, हे मुलीने कुठूनसं शोधून काढलं.

अम्मींना हे कळलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "पैसे देऊन दरीवर लटकायचं? आमच्या वेळी लोक फुकटात पडत होते," एवढंच म्हणून त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. पण येणार नाही, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

सकाळी मानखुर्दहून कुर्ला, कुर्ल्याहून कर्जत लोकल आणि नेरळला उतरून टॅक्सीने दस्तुरी नाका. त्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत. तिथून अमन लॉज स्टेशनवर छोट्या गाडीत बसलो. या गाडीची गोष्ट मुलांना सांगायची आम्ही ठरवूनच निघालो होतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणला. पण साध्या माणसाला वर नेणारी रेल्वे बांधली ती मुंबईच्या अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा, सुमारे १६ लाख रुपये, तेही त्या काळातले. १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. अवघ्या दोन फूट रुंदीचे रूळ, सुमारे एकवीस किलोमीटरची वळणावळणांची वाट. मुलगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे आपल्या माणसाने बांधलीय?" आम्ही म्हटलं, बांधणारा आपला होता, पण बसणारे सगळेच होते. कामाची गोष्ट तीच.

आता तारेकडे येऊ. दरीच्या काठावर लोखंडी मंच होता, पलीकडच्या टेकाडावर दुसरा. मधे जांभूळ, हिरड्याचं दाट रान खाली उतरत गेलेलं. इकडून तिकडे पोलादी तार ताणलेली. मुलीने विचारलं, "याला मशीन कुठे आहे?" मशीन नसतंच. तारेचं एक टोक उंच आणि दुसरं खाली असतं. माणूस कप्पीला अडकवलेला असतो, ती कप्पी तारेवरून घरंगळते. ओढतं ते गुरुत्वाकर्षण. शेवटाकडे वेग कमी व्हावा म्हणून तारेला मधे थोडा झोळ दिलेला असतो आणि पलीकडे थांबवण्याची व्यवस्था असते. वजनाने हलका माणूस कधी कधी टोकाच्या अलीकडेच थांबतो, त्याला दोरीने ओढून घ्यावं लागतं. जड माणूस वेगाने पोहोचतो. म्हणून वजन विचारतात. लाजून कमी सांगायची ती जागा नव्हे.

तारेवरून जाणं ही तशी जुनीच युक्ती आहे. हिमालयातल्या खेड्यांत दोरावरून नदी ओलांडण्याची रीत पूर्वीपासून आहे. १९७० च्या दशकात कोस्टारिकाच्या जंगलात डोनाल्ड पेरी नावाचे जीवशास्त्रज्ञ उंच झाडांच्या शेंड्यांवरचं जग अभ्यासायला दोरांचा आधार घेत होते. जंगलाच्या माथ्यावर किती जीव राहतात, हे खाली उभं राहून कळत नाही. पुढे त्याच देशात पर्यटकांना झाडांवरून नेणाऱ्या तारा आल्या आणि हा खेळ जगभर पसरला.

मंचावरचा मुलगा पायथ्याच्या एका वाडीतला, विशीतला असेल. त्याचं काम बघून आम्हाला बरं वाटलं. प्रत्येकाला पट्टे चढवल्यावर तो प्रत्येक बकल ओढून बघायचा, मग कडी लावून तिचा स्क्रू फिरवायचा, मग दुसरी कडी. एक सुटली तर दुसरी धरेल, अशी बांधणी. अम्मी मंचाजवळच्या दगडावर बसून हे सगळं निरखत होत्या. थोड्या वेळाने त्यांनीच त्याला विचारलं, "बेटा, ही तार रोज कोण बघतं?" तो म्हणाला, "मीच बघतो आजी, सकाळी पहिला मीच जातो. मग बाकीचे." हे उत्तर अम्मींना पटलं. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितल्याची तिर्मिजीतली हदीस आम्ही सगळेच वाजात ऐकतो. तिथे ती डोळ्यांसमोर दिसत होती. तवक्कुल आहेच, पण दोन कड्या लावून.

मुलीचा नंबर आला. ती चौदा वर्षांची आहे, डोक्याला स्कार्फ बांधते. सैल कापड कप्पीत अडकू शकतं, म्हणून तो मुलगा म्हणाला, "ताई, ओढणी आत खोचून घ्या, वर हेल्मेट." अम्मींनी स्वतः उठून स्कार्फची टोकं आत खोचली, पिना लावल्या. मांड्यांचे पट्टे तिच्या आईने चढवले, त्या मुलाने दुरून सांगितलं आणि शेवटी फक्त बकलं ओढून पाहिली. दोन मिनिटं जास्त लागली, एवढंच. पेहरावाचं कारण सांगून मुलींना आधीच घरी बसवणाऱ्यांनी ही दोन मिनिटं मोजून पाहावीत. बिस्मिल्लाह म्हणून ती सुटली. तारेवर कप्पीचा सर्र आवाज झाला आणि ती झाडांच्या माथ्यावरून पलीकडे गेली. अम्मींचे ओठ हलत होते. पलीकडून तिने हात हलवला तेव्हा त्यांचं पुटपुटणं थांबलं.

मग मुलगा. तो सतरा वर्षांचा, घरात सगळ्यांत उंच. पट्टे चढले, कड्या लागल्या. तो मंचाच्या कडेला गेला, खाली पाहिलं आणि तसाच उभा राहिला. अर्धं मिनिट गेलं असेल. मग मागे वळून तो हळूच म्हणाला, "मला नाही जायचं."

मागे रांग होती. रांगेतले एक गृहस्थ हसत म्हणाले, "अरे, बहीण गेली आणि तू घाबरतोस?" आणखी दोघे-तिघे हसले. मुलाचे कान लाल झाले. त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही एक शब्द बोललो असतो तर तो गेला असता, हे आम्हाला दिसत होतं. भीती गेली म्हणून नव्हे, हसणाऱ्यांना तोंड देण्यापेक्षा दरी बरी म्हणून.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाच्या जनाज्याला आम्ही गेलो होतो. हार्बर लाइनच्या लोकलमध्ये मित्रांबरोबर दारात लटकला होता. त्याला लटकायचं नव्हतं, असं त्याच्या मित्रांनीच नंतर रडत रडत सांगितलं. "डरपोक आहेस का?" एवढंच कोणीतरी म्हणालं होतं. त्याच्याजवळ पट्टा नव्हता, कडी नव्हती आणि 'नाही' म्हणायची सवय नव्हती. त्याच्या वडिलांचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून आम्ही मुलाला एवढंच म्हणालो, "ये खाली." मंचावरचा मुलगाही शहाणा. तो हसला नाही. "भाऊ, नको वाटलं तर नको. रोज दोन-तीन जण उतरतात," म्हणत त्याने कड्या सोडल्या. हसणाऱ्या गृहस्थांना अम्मी काही बोलल्या नाहीत. नातू खाली आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "चल, मला पलीकडे ने. तार मलाही नको." मग आजी आणि नातू पायवाटेने, लाल मातीतून, माकडांपासून खाऊची पिशवी सांभाळत पलीकडे गेले. चांगली वीस मिनिटं लागली. मुलगी त्यांची वाट बघत बसली होती. "तू का नाही आलास?" एवढं तिने विचारलं. "भीती वाटली," तो म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "मलाही वाटली." विषय तिथेच संपला. जोहरची नमाज आम्ही तिथेच झाडाखाली चादर अंथरून पढली.

आमच्या समाजात, आणि खरं तर सगळ्याच समाजांत, मुलीचं 'हो' आणि मुलाचं 'नाही' या दोन गोष्टी पचायला जड जातात. मुलीने धाडस केलं तर 'काय गरज होती' आणि मुलाने माघार घेतली तर 'मर्द आहेस ना'. वर्गात वीस वर्षं उभं राहून आम्ही पाहिलं आहे, की जी मुलगी कधीच कुठे पाठवली गेली नाही ती पुढे अर्ज भरायलाही कचरते. आणि ज्या मुलाला 'मला नको' म्हणू दिलं गेलं नाही, तो गुटख्याची पुडी पुढे आली तरी 'नको' म्हणू शकत नाही. दोघांनाही सराव हवा, आणि तो आईबाप समोर असतानाच व्हायला हवा.

कोणी मुलांना अशा ठिकाणी नेणार असेल तर आधी थोडा वेळ बाजूला उभं राहून पाहावं. कड्या दोन आहेत का, प्रत्येक माणसामागे बकलं ओढून बघतात का, हेल्मेट नीट बसतं का, वजन विचारतात का, वारा-पाऊस असेल तर थांबवतात का. तार कोण तपासतं, हे विचारायला लाजू नये. अम्मी चौथी शिकल्या आहेत, पण सगळ्यांत नेमका प्रश्न त्यांचाच होता. आणि शेवटचं बघायचं ते हे, की कडेला उभ्या राहिलेल्या मुलाला परत फिरू देतात का. जिथे ते हसून ढकलतात तिथली तार कितीही भक्कम असली तरी आपल्या मुलाला तिथे बांधू नये.

मुलगी आता पुढच्या वर्षीची तारीख विचारते आहे. मुलगा म्हणतो, तोही येईल. तारेवर जाईल की पायवाटेने, ते त्याने सांगितलेलं नाही आणि आम्हीही विचारलेलं नाही.